टिटवीचा दुसरा पाय

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी टिटवी अंड्यांवरून उडाली. त्याच दिवशी अकरा वाजता सरकारी पाहणी होती.

थोरली तेव्हा गोठ्यात होती. खालच्या रानातून 'टिटिव, टिटिव, टिटीटिव' असा आवाज उठला आणि तो थांबेचना. खालच्या रानात टिटव्यांची एकच जोडी. आवाज मात्र अख्ख्या पलटणीचा. थोरलीने हातातली पाटी होती तिथे टाकली आणि ती पळत सुटली. वाटेत चिखलाने एक चप्पल ठेवून घेतली. ती सोडवायला थोरली थांबली नाही.

बांधावर तिचा नवरा उभा होता. हातात मोबाईल, चेहऱ्यावर बक्षीस लागल्याचा आनंद. समोर रानात, अंड्यांभोवती लावलेल्या दोरीच्या जरा अलीकडे, त्याचा काळा साउंड बॉक्स. नवरा शेती करायचा आणि जोडीला सभा-समारंभांना लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा. गावात त्याला कर्णेवाला म्हणत. साध्या आवाजात मारलेली हाक त्याला ऐकू जात नसे, एवढीच काय ती या धंद्याची झीज.

"बघ!" तो ओरडला. "एका टिटवीच्या शंभर केल्या!"

थोरलीने वर बघितलं. खरी जोडी आभाळात एवढीशी झाली होती आणि बघता बघता आणखी एवढीशी होत चालली होती.

इथे थोडं मागे जायला हवं. तुरेवाली टिटवी अंडी घालते ती उघड्या शेतात, जमिनीवर. काटकी नाही, कापूस नाही, नुसता एक खळगा. शेतकरी नेमका त्याच दिवसांत नांगर घालतो. त्यामुळे त्या भागात टिटव्या हाताच्या बोटांवर आल्या होत्या. म्हणून सरकारने निधी काढला. ज्याच्या रानात टिटवी बसेल, त्याने ते रान पाच हंगाम राखायचं आणि त्याचं नुकसान सरकारने भरून द्यायचं. निधी येऊन बसला होता, टिटवी बसत नव्हती. हा हंगाम कोरडा गेला की पैसा आला त्या वाटेने परत जाणार होता.

अट एकच, पण अवघड. पाहणीच्या वेळी अंडी आणि अंड्यांवर बसलेला पक्षी, दोन्ही एकदम दिसले पाहिजेत. नुसती अंडी चालणार नाहीत. याला कारणही घडलं होतं. गेल्या वर्षी एका हुशार माणसाने कोंबडीची अंडी ठिपके रंगवून शेतात मांडली होती आणि पाहणीच्या ऐन वेळी त्याचीच कोंबडी येऊन त्यांच्यावर बसली होती.

थोरलीच्या टिटवीत मात्र रंगरंगोटी नव्हती. महिन्याभरापूर्वी ती ट्रॅक्टरवर बसून खालचं रान नांगरत होती. मोठ्या चाकासमोर टिटवी पंख पसरून उभी राहिली आणि हलेना. मूठभर जीव, पण आवाज असा, की ट्रॅक्टर तिच्या बापाचा. थोरलीने चाक वळवलं. नांगराचं सरळ तास मध्येच पोट काढून गेलं आणि पुढे पुन्हा सरळ झालं. मामंजी, म्हणजे तिचे सासरे, संध्याकाळी बांधावर येऊन बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या घराण्याची तासं दोरीने आखल्यासारखी असतात, अशी त्यांची ख्याती होती आणि ती त्यांनी स्वतःच पसरवली होती.

"नांगरट आहे की साप चाललाय?" ते म्हणाले.

"टिटवी आहे, मामंजी."

"टिटवीला सांग, आमच्यात असं चालत नाही."

खालचं रान ओढ्याकाठचं, चिकट. पाऊस पडला की पाय सोडत नाही आणि ऊन पडलं की कुदळ घेत नाही. थोरली लग्न होऊन आली तेव्हा घरात कुणालाच नको असलेलं हे रान तिच्या गळ्यात पडलं. तेव्हापासून घरात मामंजींचा शब्द, अंगणात नवऱ्याचा कर्णा, आणि खालच्या रानात ती. तिथे काय पेरायचं, कधी पेरायचं, कुठे बसून डबा खायचा, हे तिला कुणी विचारत नव्हतं आणि तीही कुणाला विचारत नव्हती. तिची अशी एवढी एकच जागा होती.

आता तिथे गोदाम होणार होतं. गोदामवाले शेठ दोनदा येऊन रान पायाखाली घालून गेले होते. मामंजी तयार होते, कारण या रानाने त्यांना उभ्या जन्मात एक सरळ तास दिलं नव्हतं. पण मामंजी कडक असले तरी अन्यायी नव्हते. त्यांनी जेवताना निकाल दिला होता: "अकराला तुझी ती पाहणीवाली पक्षीबाई येऊ दे. तिनं हो म्हटलं, तर रान तुझं आणि टिटवीचं. नाही म्हटलं, तर बाराला शेठ येताहेत, मी सही करतो."

असं सगळं त्या टिटवीच्या बुडाखाली होतं. आणि टिटवी आभाळात होती.

"बंद करा आधी ते!" थोरली म्हणाली.

कर्णेवाल्याने मोबाईलवर बोट ठेवलं. रान एकदम गप्प झालं.

"अगं, पक्षीबाईच म्हणाली होती ना, टिटव्यांना शेजार आवडतो? आवाज ऐकून आणखी येतात? म्हटलं पाहणीला एक काय दाखवायची, थवाच दाखवू. दहा दिवस रेकॉर्ड करत होतो. थोडा एको टाकलाय."

"रेकॉर्ड कसं केलंत?"

"जवळ जाऊन. दोरीपाशी गेलो की लगेच ओरडायची. फार सहकार्य केलं तिनं."

थोरलीने डोळे मिटले. "अहो, तुम्ही जवळ गेल्यावर ती काय ओरडत असेल? 'या, बसा' म्हणून?"

कर्णेवाल्याचा चेहरा हळूहळू उतरला. दहा दिवस मेहनत करून त्याने 'पळा, पळा, माणूस आला' एवढंच गोळा केलं होतं, आणि ते एको टाकून टिटवीलाच ऐकवलं होतं.

"मग आता बॉक्स घेऊन येतो," तो म्हणाला.

"दोरीकडे पाऊल टाकायचं नाही. उरलीसुरली येणार असेल तीही यायची नाही."

"निदान कनेक्शन तरी बंद करतो मोबाईलवरून."

"करा."

"करता येत नाही," कर्णेवाला म्हणाला आणि त्याचा आवाज त्याच्या मानाने फारच लहान झाला. "मोबाईल तोडला की बॉक्स सांगतो, 'कनेक्शन तुटले आहे'. बाईच्या आवाजात. मोठ्यानं. मी लांब गेलो तरी सांगतो. फॅशन म्हणून घेतला होता."

म्हणजे मोबाईल जोडलेला ठेवायचा, आणि मोबाईलसकट नवऱ्याला बॉक्सच्या आसपास ठेवायचा. थोरलीला हसू आलं. रडायची वेळ होती, पण हसूच आलं, आणि एकदा आलं ते दिवसभर गेलं नाही.

एव्हाना धाकटी, म्हणजे तिची जाऊ, केसांना टॉवेल गुंडाळून बांधावर आली होती. तिच्यामागून मामंजी काठी टेकत आले. काय झालं ते धाकटीने त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यातलं एक वाक्य भावजींबद्दल होतं, ते इथे देण्यासारखं नाही.

"ताई, आता काय गं?" धाकटीने विचारलं.

थोरली बांधावर उकिडवी बसली होती. महिनाभर ती त्या पक्ष्याकडे बघत आली होती आणि तिला एक गोष्ट ठाऊक होती. माणूस दिसेनासा झाला म्हणून टिटवी परत येत नसे. माणूस जाताना दिसला, की येत असे. पाठ बघितल्याशिवाय तिचा विश्वास बसत नसे.

"आपण जायचं," थोरली म्हणाली. "पण तिला दिसेल असं जायचं. मोठ्यानं निरोप घेत. भावजींना इथे ट्रॉलीखाली झोपवू, बाकी सगळे निघू."

"कोण भावजी?" कर्णेवाला म्हणाला.

"तिचे भावजी. म्हणजे तुम्ही. घाला डोकं आत."

बांधालगत रिकामी ट्रॉली उभी होती. कर्णेवाला मोबाईल छातीशी धरून तिच्याखाली सरपटत गेला. बाकीचे तिघं ओळीने रस्त्याकडे निघाले.

"निघालो हं!" धाकटी आभाळाकडे बघत ओरडली. "येतो आम्ही! तुम्ही या!"

"आता काही परत येत नाही!" थोरली ओरडली.

"असल्या रानात कोण परत येतंय!" मामंजी मनापासून म्हणाले.

रस्त्याला लागल्यावर थोरलीने हळूच मान वळवली. काळे-पांढरे पंख खाली उतरत होते. टिटवी धसकटांत टेकली, चार पावलं चालली, इकडे तिकडे बघितलं आणि बसली. पोट जरा हलवून अंडी नीट खाली घेतली. थोरलीने धाकटीचा दंड असा दाबला, की धाकटी "आई गं" म्हणायचीसुद्धा विसरली.

"माझी काठी राहिली," मामंजी म्हणाले आणि वळले.

"मामंजी!"

पण मामंजी कुठूनही एका दमात निघाल्याचा इतिहास नव्हता. लग्नाला गेले की छत्रीसाठी परत, दवाखान्यात गेले की चष्म्यासाठी परत. बसवाले त्यांना ओळखत, ते चढले तरी घंटी देत नसत. ते तरातरा बांधावर गेले, काठी उचलली आणि ती विजयाने वर करून दाखवली. टिटवी उडाली.

"मिळाली!" मामंजी लांबून ओरडले.

अकराला पक्षीबाई आली. तिचं खरं पद लांबलचक होतं, म्हणून सगळे पक्षीबाईच म्हणत. अंगात खिशाखिशांचा डगला, खांद्यावर तीन पायांची दुर्बीण, बुटांवर चार गावांची माती. थोरलीने काहीही न लपवता सगळं सांगितलं: बॉक्स, एको, काठी. पक्षीबाईने आधी तोंड गंभीर ठेवलं. मग 'फार सहकार्य केलं तिनं' इथे तिचा बांध फुटला. तिने डगल्यात तोंड खुपसलं आणि खांदे हलेपर्यंत हसली.

"अंडी?" थोरलीने विचारलं. जीव तिथे अडकला होता.

"हवा गरम आहे, ढग आहेत. एवढ्यात काही दगावत नाहीत. मध्ये बसूनही गेलीय ना?" पक्षीबाई डोळे पुसत म्हणाली. "पण मला ती बसलेली दिसली पाहिजे, ताई. सकाळपासून तीन ठिकाणी जाऊन आले. एकाकडे पारवा होता, एकाकडे काहीच नव्हतं, आणि एकानं मला टिटवीचा आवाज लावलेला रेडिओ दाखवला. आज तुमच्याकडेही नाही, तर मी निधी परत पाठवला म्हणून समजा. आणि पुढच्या वर्षी मला कुठल्या तरी डासांच्या खात्यात पाठवतील."

म्हणजे बुडणारी एकटी थोरली नव्हती. तिला त्यातही बरं वाटलं.

सगळे ट्रॉलीमागे बसले. दुर्बीण रानावर रोखली. टिटवी परत येऊन बॉक्सपलीकडे उतरली होती. दोन पावलं पुढे, एक मागे. थोरली डोळ्यांत प्राण आणून बघत होती. टिटवीने खळग्याच्या काठावर पाय ठेवला.

आणि काळ्या बॉक्समधून, चारही दिशांना, कर्णेवाल्याचा स्वतःचा आवाज आला: "हॅलो! हॅलो! माइक टेस्टिंग! एक, दोन, तीन!"

टिटवी गेली. ओढ्यापलीकडच्या सगळ्या कावळ्यांनाही घेऊन गेली.

"फोन आला," ट्रॉलीखालून कर्णेवाला म्हणाला. "माझी रिंगटोन आहे ती."

"कुणाचा फोन?"

"शेठचा. 'वाटेवर आहे' म्हणत असतील."

आता कुणालाच आवरेना. धाकटी गवतात लोळली. पक्षीबाई दुर्बिणीच्या पायाला धरून बसली. मामंजींनी 'हॅलो, हॅलो' एवढंच पुन्हा म्हणून बघितलं आणि त्यांनाही ठसका लागला. गेल्या कित्येक वर्षांत थोरलीने त्यांना हसताना बघितलं नव्हतं. दात आहेत हे तिला माहीत होतं, एवढे असतील असं वाटलं नव्हतं.

"सायलेंटवर टाका!" थोरली कशीबशी म्हणाली.

"टाकला. पण एक गोष्ट आहे."

"आता काय?"

"चार्जिंग संपत आलंय. संपलं की बॉक्स..."

"...सांगतो," सगळे एकदम म्हणाले.

"पॉवर बँक नाही का?" पक्षीबाईने विचारलं.

"आहे ना. बॉक्सलाच लावलीय."

शेठ गाडीतून उतरले ते पांढऱ्या कपड्यांत, काखेत कागदांची फाईल घेऊन. त्यांना नीट नमस्कार करायलाही कुणाला वेळ नव्हता. थोरलीने त्यांच्या कोपराला धरून त्यांना वळवलं.

"शेठ, चला."

"अहो, आत्ताच आलो!"

"म्हणूनच. आलात ते तिनं बघितलंय. आता जाताना दिसलं पाहिजे."

"कुणाला?"

"वर बघू नका!"

ही दुसरी निघानिघ पहिल्यापेक्षा भरगच्च झाली. पुढे मामंजी, या वेळी काठी दोन्ही हातांनी धरून. मागे शेठ, धाकटी आणि शेठचा ड्रायव्हर, ज्याला काय चाललंय ते कुणी सांगितलं नाही, पण तो सगळ्यांत मोठ्याने "येतो हं, येतो" म्हणत होता. थोरली आणि पक्षीबाई तेवढ्या ट्रॉलीखाली कर्णेवाल्याशेजारी घुसल्या. टिटवीला मोजता येत नाही, असं पक्षीबाई म्हणाली. गेले ते दिसतात, राहिले ते दिसत नाहीत.

"माणसांचंही तसंच असतं," कर्णेवाला म्हणाला. कुणी दाद दिली नाही.

रान शांत झालं. वाऱ्याने धसकटं हलली. थोरलीच्या नाकाला वंगणाचा आणि ओल्या मातीचा वास येत होता, अनवाणी पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि तिच्या लक्षात आलं की आपण या रानात पोटावर पहिल्यांदाच झोपलोय. इथून रान फार मोठं दिसत होतं.

टिटवी आली. अंड्यांपाशी नाही, सरळ बॉक्सवर उतरली. ज्या डब्याने तिला सकाळपासून सळो की पळो केलं होतं, त्याच्या डोक्यावर उभी राहून तिने तुरा ताठ केला आणि चोचीने एक टोला दिला.

"जाळी फाडेल," कर्णेवाला कुजबुजला.

"फाडू दे," थोरली म्हणाली.

मागे खसफस झाली. धाकटी कोपरांवर सरपटत आली होती. "मला तिथे राहवेना," ती म्हणाली. तिच्यामागून मामंजी. मामंजी परत येणार हे सगळ्यांनी धरलंच होतं, पण ते पोटावर येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांच्यामागून शेठ. पांढऱ्या कपड्यांची पुढची बाजू आता रानाच्या रंगाची झाली होती, आणि फाईल त्यांनी कोपराखाली मातीत घातली होती, कोपर रुतू नये म्हणून.

"बसली का?" शेठने विचारलं.

"नाही."

"बसली तर माझं गोदाम गेलं."

"हो."

टिटवी बॉक्सवरून खाली उतरली. एक पाऊल, थांबली. आणखी एक पाऊल.

"सरळ जा की," शेठ दात दाबून म्हणाले. "तिकडे काय बघते? अंडी इकडे आहेत!"

"शेठ, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं?" धाकटीने विचारलं.

"गप्प बसा हो, ती बघतेय!"

पक्षीबाईचा डोळा दुर्बिणीला चिकटलेला होता आणि तिचा एक हात थोरलीच्या मनगटावर होता. तिने तो कधी ठेवला, हे दोघींनाही कळलं नाही. कर्णेवाल्याने मोबाईल तोंडाजवळ धरून त्यावर हलकेच फुंकर घातली, जणू निखारा आहे.

"एक टक्का," तो म्हणाला.

"कमी करा काहीतरी. उजेड कमी करा."

"केलाय. माझाही श्वास कमी केलाय."

मामंजींच्या मनगटावर घड्याळ होतं. बाराचा काटा केव्हाच मागे पडला होता. थोरलीने ते ओझरतं बघितलं आणि मामंजींनी तिला बघताना बघितलं. त्यांनी शर्टाची बाही ओढून घड्याळावर घेतली. मग हनुवटी मातीत टेकवून, आयुष्यभर वाकड्या तासांना नावं ठेवलेल्या तोंडाने ते टिटवीला म्हणाले, "ये गं बाई. त्या वळणानं ये. तुझ्यासाठीच काढलंय ते."

टिटवी त्या वळणाला आली. तासाने जिथे पोट काढलं होतं, तिथे चढली आणि पलीकडे उतरली. अंडी आता तिच्या चोचीसमोर होती.

बारा वाजून वीस मिनिटांनी, म्हणजे हे लिहीपर्यंत जी शेवटची खबर हाती आहे त्याप्रमाणे, टिटवी खळग्याच्या काठावर एका पायावर उभी होती. दुसरा पाय तिने वर घेतलेला होता. मोबाईलचा पडदा अजून उजळलेला होता.